सहीच्या पुढे

पोर्तुगाल म्हणजे पहिल्यापासून शिकल्या-सवरलेल्यांचा देश, असा समज गोव्यात अजून टिकून आहे. मी सरकारी कचेरीत कारकून. तिकडे निघालेल्यांचे कागद टेबलावरून जातात, तेव्हा हे हमखास ऐकू येतं. आकडे मात्र वेगळंच सांगतात.

1911 साली पोर्तुगालमधल्या सुमारे 70 टक्के लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1930 च्या दशकात, सालाझारच्या राजवटीत, सक्तीचं शिक्षण जेमतेम तीन वर्षांचं होतं. 1970 मध्येही चौघांतला एक निरक्षर. ज्यांनी स्वतःच्या शेतकऱ्याला शिकवलं नाही, ते आमच्या मुंडकाराला काय शिकवणार?

भारताची सुरुवात याहूनही खालून झाली. 1961 मध्ये साक्षरता 28 टक्के होती, 2011 मध्ये ती 73 वर गेली, गोव्यात तर 88 च्या पुढे. 30 मे 2025 रोजी गोवा पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला. आनंदच आहे. पण माझ्या टेबलावरचं शाईचं पॅड काही सुकलेलं नाही. शिवाय अंगठ्याऐवजी सही करणारी एखादी आजी सही झाल्यावर हळूच विचारते, "बाबा, हांगा कितें बरयलां?" जनगणनेत तीही साक्षर म्हणून नोंदली जाऊ शकते.

पोर्तुगालने पुढे प्रश्नच बदलला. सही येते का, हे न विचारता माणसाला काय काय जमतं, हे विचारलं. 2000 च्या सुमारास तिथे पाच प्रौढांपैकी जेमतेम एकाने बारावीपर्यंतचं शिक्षण पुरं केलं होतं. मग गवंडी, खलाशी, स्वयंपाकी यांनी आयुष्यात जे कमावलं, ते नोंदवून, तपासून आणि उरलेलं शिकवून त्यांना नववी-बारावीची प्रमाणपत्रं देण्याची सोय झाली. 2005 नंतर ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. एवढं करूनही ओईसीडीच्या 2023 च्या पाहणीत तिथले सुमारे 42 टक्के प्रौढ वाचनाच्या सर्वांत खालच्या पायऱ्यांवर आढळले. निदान दुखणं कुठे आहे, ते कळलं. भारत त्या पाहणीत नाहीच.

आपल्याकडे साक्षरतेची परीक्षा झाली की बहुतेकांची वही मिटते. आजीला मात्र आपल्या घराच्या जागेचा कागद स्वतः वाचायचा असतो. तो तिला वाचता येईल, तेव्हा खरी साक्षरता मोजता येईल.