दुसऱ्या माणसाची जागा

जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’ (१९८६) या चित्रपटातल्या परग्रहावरच्या प्राण्यांपेक्षा माझ्या मनात घर करून राहिली ती त्यातली स्मार्टगन. वास्केझ नावाची सैनिक ती अंगाला बांधून चालते. गुडघे किंचित वाकलेले, धड मागे रेललेलं, पावलं फाकलेली. बंदूक मात्र तिच्यापुढे अधांतरी, जराही न हिंदकळणारी. कल्पनेतल्या शस्त्रांना सहसा वजनच नसतं, नायक ती लाटण्यासारखी फिरवतो. इथे आधी ओझं दिसतं, मारा नंतर.

हे ओझं खरंच होतं. इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत चित्रित झालेल्या या चित्रपटासाठी सायमन अ‍ॅथर्टन या शस्त्रकाराने ती अस्सल जर्मन एमजी ४२ मशीनगनवर उभी केली. जुन्या मोटरसायकलींचे भाग जोडून तिचं रूप बदललं आणि सगळा डोलारा स्टेडीकॅमच्या हातावर टांगला. स्टेडीकॅम हे गॅरेट ब्राउनने १९७०च्या दशकात तयार केलेलं साधन. छातीला घट्ट जाकीट, त्याला स्प्रिंगांचा सांधेदार हात आणि टोकाला कॅमेरा. चालणाऱ्याचे हिसके स्प्रिंगांतच जिरतात. ‘द शायनिंग’मध्ये हॉटेलच्या बोळांतून तीनचाकी चालवणाऱ्या मुलामागे कॅमेरा जो सरकत राहतो, तो याच्याच बळावर. कॅमेरॉनने त्या हातावरचा कॅमेरा उतरवून तिथे बंदूक बसवली. जगाकडे स्थिरपणे पाहता यावं म्हणून घडवलेल्या हाताला त्याने मारण्याच्या कामाला लावलं. कल्पना म्हणून ती विलक्षण आहे, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा आणते.

आत दडलेली मशीनगनही समजून घ्यायला हवी. एमजी ४२ घडवणारी ग्रॉसफूस ही सॅक्सनीतल्या डोबेल्नची कंपनी पत्र्याचे कंदील वगैरे बनवायची. त्यामुळे तिचा इंजिनिअर वेर्नर ग्रूनर याने शस्त्राकडे पत्रा ठोकणाऱ्याच्या नजरेने पाहिलं. कोरून काढण्याऐवजी साच्यात दाबलेले भाग, म्हणून उत्पादन झटपट आणि स्वस्त. वजन साडेअकरा किलोंच्या आसपास, मारा मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या. म्हणजे सेकंदाला वीस. एकेक आवाज कानाला वेगळा काढताच येत नाही. नळी इतकी तापते की ती बाजूने ओढून काढून थंड नळी सरकवावी लागते. आणि काडतुसांचा पट्टा? तो लोंबला, पिळला, चिखलात गेला की बंदूक अडते. म्हणून चाप ओढणाऱ्याच्या शेजारी दुसरा माणूस पडून असतो. तो दोन्ही हातांनी पट्टा सरळ धरतो, संपत आला की नवा जोडतो, पेट्या आणि जादा नळ्या वाहतो. पट्ट्यावरची मशीनगन जेव्हा जेव्हा ऐकू येते, तेव्हा तिच्यामागे एकटा माणूस क्वचितच असतो.

इटलीत १० जुलै १९४४ रोजी आपल्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे अशाच एका जर्मन मशीनगनच्या मोर्चावर एकटे धावून गेले. त्यांच्या तुकडीतली बाकीची सगळी माणसं मेली होती नाही तर घायाळ झाली होती. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात पुढचं सगळं नोंदलेलं आहे. हातबॉम्बने बंदूक आणि ती चालवणारा संपला, टॉमीगनने आणखी एक जण. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दांड्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. मी ते वाचताना मोजत गेलो: एका बंदुकीभोवती चार माणसं.

स्मार्टगनच्या आराखड्यात या माणसांचीच हकालपट्टी झाली आहे. पट्टा डब्यात कोंबला, वजन स्प्रिंगांवर सोपवलं, नेम धरण्याचं काम डोळ्यापुढच्या इवल्या यंत्रावर. शेजारी पडून राहणाऱ्याचं एकेक काम कुठल्या ना कुठल्या कळीला वाटून दिलं. शस्त्र म्हणून हीच त्याची कमाल, आणि माझ्या मते हेच त्यातलं सर्वांत क्रूर स्वप्न: एवढी ताकद एकाच माणसाच्या कमरेला, आणि त्याला कोणाचीच गरज नाही.

पटकथेने मात्र तो हाकललेला माणूस परत आणला. स्मार्टगनवाले दोघे आहेत, वास्केझ आणि ड्रेक. प्रत्येकाची बंदूक आपली आपली, तरी दोघं एकमेकांना सोडत नाहीत. अणुभट्टीखाली गोळीबार नको असा हुकूम येतो. दोघं निमूटपणे काय द्यायचं ते काढून देतात आणि पाठ वळताच वास्केझ लपवलेले सुटे भाग काढते, एक स्वतःला, एक ड्रेकला. पुढे पळापळीत ड्रेकवर झेपावणाऱ्या प्राण्याला ती गोळ्या घालते. त्याचं रक्त आम्ल असतं. ते ड्रेकच्या तोंडावर उडतं. बंदुकीने नेम अचूक साधलेला असतो आणि तिने ज्याला वाचवायचं तोच जातो. ती किंचाळत मागे वळते, तिला अक्षरशः ओढून न्यावं लागतं.

त्यानंतर तिच्या हातात स्मार्टगन दिसत नाही, साधी शस्त्रं असतात. अखेरीस अरुंद बोगद्यात पायाला आम्ल लागून ती पडते, तेव्हा जो अधिकारी गॉर्मन तिला कधीच पटला नव्हता तो तिच्यासाठी माघारी येतो. प्राणी दोन्हीकडून येतात. एकाच बॉम्बवर दोघं आपले हात घट्ट आवळतात.