धोंड आणि पहाट

आमच्या घरी ईस्टरची पहाट कबरस्थानात उगवायची. माझे माहेर अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. आई आम्हा भावंडांना चार वाजता उठवी. मेणबत्त्या आणि मोगऱ्याची फुले घेऊन आम्ही अंधारातच निघायचो. आजीआजोबांच्या कबरीवर फुले वाहायची, मेणबत्त्या लावायच्या आणि पूर्वेला तांबडे फुटले की सगळ्या मंडळीने मिळून पुनरुत्थानाची गीते गायची. शेजारच्या काकूंना याचे फार नवल वाटे. "सणाच्या दिवशी कुणी असल्या ठिकाणी जाते का गं?" असे त्या विचारीत. आई हसून म्हणे, "काकू, आमचा सण तिथूनच सुरू होतो."

या बोलण्याचा अर्थ कळायला मला २०२० साल उजाडावे लागले.

लग्नानंतर आम्ही हरियाणातल्या मानेसरला आलो. दिल्ली-जयपूर महामार्गावरची ही मोठी औद्योगिक वसाहत. हे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात टूलरूममध्ये कामाला होते. जवळच्या अलियर गावात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. इमारतीत सगळे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडचे कामगार. मराठी घर आमचे एकच. रविवारी गुरुग्रामच्या सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या चर्चमध्ये उपासनेला जायचे आणि एकाआड एक उन्हाळ्यात नगरला, असा आमचा क्रम होता.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. कारखाने बंद झाले. डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन माणसे महामार्गाने पायी चालू लागली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यांना फोन आला, "पुन्हा सुरू झाले तरी तुम्ही येऊ नका." एवढ्याच शब्दांत आठ वर्षांची नोकरी संपली.

८ एप्रिलला चैत्री पौर्णिमा होती, हनुमान जयंती. एरवी त्या दिवशी गल्लीत भजने चालतात, पण मंदिराला कुलूप होते. दुपारी भावाचा फोन आला. आई झोपेतच गेली होती. रेल्वे बंद, विमाने बंद, नगर हजाराहून अधिक किलोमीटर दूर. आईचा दफनविधी मी मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. मध्येच चित्र थांबले आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा माती लोटून झाली होती.

ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते. २१ मार्चनंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. त्या वर्षी तो १२ एप्रिलला आला. त्याआधीचा गुड फ्रायडे, आम्ही त्याला उत्तम शुक्रवार म्हणतो, हा प्रभू येशूच्या वधस्तंभावरील मरणाचा दिवस. पण मला त्या वर्षी सर्वांत जड गेला तो मधला शनिवार. प्रभू कबरेत आहे आणि पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नाही, असा तो दिवस. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझी प्रार्थना ओठांवर येऊन तिथेच थांबत होती.

रात्री सवयीने मार्काचे शुभवर्तमान उघडले. तीन स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन भल्या पहाटे कबरेकडे निघतात. कबरेच्या तोंडावर मोठी धोंड आहे. ती आपल्याच्याने हलणार नाही, मग कोण बाजूला करणार, याची चिंता त्या वाटेतच करतात. लहानपणापासून ही कथा मी ऐकत आले होते. त्या रात्री प्रथमच लक्षात आले की, धोंडेचे काय करायचे हे माहीत नसतानाही त्या घरातून निघाल्या. चमत्कार पाहायला नव्हे, तर आपल्या माणसासाठी जे करायचे राहिले होते, तेवढे करायला.

पहाटे चारला जाग आली. फुले नव्हती. वीज गेल्यावर लावायची एक मेणबत्ती होती, ती गच्चीवर नेऊन लावली. खाली आले आणि पिठाचा डबा काढला. चार दिवस पुरवायचे म्हणून मी ते पीठ राखून ठेवले होते. खालच्या खोलीत दरभंग्याची तीन मुले अडकली होती. ठेकेदाराचा फोन बंद होता आणि आदल्या दिवशी त्यांची चूल पेटलेली मला दिसली नव्हती. मी सगळे पीठ मळले. पोळपाटाचा आवाज ऐकून हे उठले, काही न बोलता बटाटे चिरायला बसले.

ताट घेऊन हेच खाली गेले. मोठ्या मुलाने विचारले, "भैया, आज क्या है?"

"हमारा त्योहार है," हे म्हणाले. दोन दिवसांत मी ऐकलेले त्यांचे ते पहिले वाक्य.

धोंड त्या दिवशी हलली नाही. दोन दिवसांनी टाळेबंदी आणखी वाढली. यांना काम मिळाले ते नोव्हेंबरात, तेही कमी पगारावर. पण त्या सकाळनंतर पाचही जणांचा स्वयंपाक एकत्र होऊ लागला. कुठे शिधा वाटतात याची बातमी ती मुले काढीत, रांगेत उभी राहत आणि पिशव्या आमच्या दारात आणून ठेवीत.

आई लक्ष्मीबाई टिळकांना फार मानी. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे पूर्ण केले. "रडली असेल, पण लिहायला बसली," असे आई म्हणायची. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होतेच. दुःख झालेच नाही असे ईस्टर सांगत नाही. मरणाचा शब्द शेवटचा नाही, एवढे सांगतो, आणि तेवढ्यावर माणूस उठून कणीक मळू शकतो.

आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला मिळाली ती १७ एप्रिल २०२२ च्या ईस्टरला. पहाटे आम्ही घरातून निघालो, तेव्हा शेजारच्या काकू अंधारात फाटकापाशी उभ्या होत्या. ओंजळीत अंगणातला मोगरा होता.

"तुझ्या आईला दे," त्या म्हणाल्या. या वेळी त्यांनी काही विचारले नाही.