बोरीला दिलेली वाट

बालाघाटाच्या डोंगररांगेवर पडणारा पाऊस बोरी नदीला जेमतेम चार महिने वाहतं ठेवतो. दूर जर्मनीत रानओढ्यांना बारा महिने पाणी असतं, म्हणून तिथे काठाकाठाने पाणचक्क्या उभ्या राहिल्या आणि पिढ्यानपिढ्या गावांचं धान्य ओढ्यांनी दळलं. आमच्या धाराशिवकडची ज्वारी जात्यावर दळली जायची, पहाटेच्या अंधारात, बायांच्या मनगटांच्या बळावर. इथे नदीकडून चाक फिरवून घेण्याआधी तिला थांब म्हणावं लागतं. नळदुर्गात ती विनवणी दगडात उभी आहे.

तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगत नळदुर्गचा हा भुईकोट किल्ला आहे. बोरी त्याला वळसा घालून जाते. पलीकडच्या काठावर रणमंडळ हा छोटा किल्ला, आणि दोन्ही किल्ल्यांना सांधणारा काळ्या पाषाणाचा भक्कम बंधारा. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने तो 1613 च्या सुमारास बांधवून घेतला. त्याच्या स्थपतीचं नाव मीर इमादीन असं सांगतात. बंधाऱ्याने किल्ल्याला पाणी दिलं, त्या बाजूने संरक्षण दिलं, आणि दोन किल्ल्यांमधली येजा सोपी केली. पण या सुलतानाला संगीताचं वेड होतं; ‘किताब-ए-नौरस’ हा गीतांचा ग्रंथ त्याचाच. नुसत्या उपयोगावर त्याचं मन भरलं नसावं. बंधाऱ्याच्या पोटातच त्याने महाल वसवला. तोच पाणीमहाल.

श्रावण-भाद्रपदात नदी भरून आली की बंधाऱ्यावरच्या दोन सांडव्यांतून पाणी खाली झेपावतं. लोकांनी त्यांना नावं दिली आहेत, नर आणि मादी. अशा वेळी अरुंद जिन्याने आत उतरावं. वर, डोक्यावरून, अख्खी नदी चाललेली असते. भिंतीला तळवा टेकवला तर दगडातली थरथर हाताला कळते. महिरपीच्या खिडकीसमोरून पाण्याचा पडदा अखंड कोसळत असतो. त्यातून गाळून आलेला उजेड हिरवट होऊन कोरीव भिंतीवर हलत राहतो. शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही. तुषार चेहऱ्यावर येतात, आणि तरीही महाल कोरडा राहतो. चारशे वर्षांचे पूर या भिंतीवरून गेले. हात आपोआप जोडले जातात.

मराठवाड्यातच पाण्याने दळणारी चक्कीही आहे, छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळ. अठराव्या शतकातली ती पाणचक्की. दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणलं, उंच भिंतीवर चढवलं, आणि तिथून हौदात पडताना पात्यांवर आदळवलं. पाती फिरली की वरची तळी फिरे आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ पडे. दळून झालं तरी पाणी एक थेंबही कमी झालेलं नसे. ते हौदात शिरे, तिथून पुढे जाई.

मला या दोन्ही कामांत एकच शहाणपण दिसतं. पाण्याकडून घ्यायचं ते घ्यावं, आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावं. नळदुर्गच्या कारागिराने नदी अडवली, पण ती कधीतरी उसळणार हे मनात धरून आधीच तिच्यासाठी सांडवे ठेवले. भिंत किती उंच करायची याइतकाच, पुराने कुठून जायचं याचा विचार केला. म्हणून भिंत टिकली, आणि बोरी अक्कलकोटकडून पुढे भीमेला मिळत राहिली.

धाराशिवच्या माणसाला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली पिढी अजून घराघरात आहे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी सांडवे कोरडे राहतात आणि काळा दगड उन्हात तापत पडतो. ज्या वर्षी आभाळ फाटतं त्या वर्षी ओढे आपली जुनी वाट शोधत शेतात, घरात शिरतात, कारण मधल्या काळात आपण त्या वाटांवर बांध घातलेले असतात, भिंती उभ्या केलेल्या असतात. नळदुर्गाचा बंधारा पाहायला पावसाळ्यात हजारो माणसं येतात. त्यांनी धबधबा डोळे भरून पाहावाच. पण घरी गेल्यावर आपल्या शिवारातल्या ओढ्याचा गाळ उपसावा, त्याचं पात्र मोकळं ठेवावं. पाण्याला थांबायला जागा आणि निघायला वाट, दोन्ही देणं, हीच नदीची खरी पूजा आहे.