फुटणारी मुंगी

सूरह नमल म्हणजे मुंगीची सूरह. हजरत सुलेमान (अ.स.) यांचे लष्कर येत असल्याचे पाहून एका मुंगीने इतर मुंग्यांना बिळात शिरायला सांगितले, हा किस्सा आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतो. अरबीत त्या मुंगीसाठी क्रियापद स्त्रीलिंगी आले आहे आणि कामकरी मुंग्या सगळ्या माद्याच असतात. पण 'नमला' हा शब्दच रूपाने स्त्रीलिंगी आहे, म्हणून यावरून विज्ञानाचा गाजावाजा करणे मला पटत नाही. किस्सा त्याच्याशिवायही मोठाच आहे.

ती मुंगी सावध करते. बोर्निओ बेटावरच्या जंगलातली एक मुंगी स्वतःला फोडून घेते.

ब्रुनेईमधल्या कुआला बेलालाँग संशोधन केंद्राच्या परिसरात, उंच झाडांवर ती राहते. अशा फुटणाऱ्या मुंग्यांची नोंद 1916 पासून आहे. पण या प्रजातीचे रीतसर वर्णन करून अ‍ॅलिस लाचिनी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये तिला नाव दिले : कोलोबोप्सिस एक्स्प्लोडेन्स. या गटात 1935 नंतर नव्या प्रजातीला नाव मिळाले ते तेव्हाच. रीतसर वर्णन म्हणजे नुसते बारसे नव्हे. कामकरी, राणी, नर सगळे मिळवायचे, मोजायचे, एक नमुना कायमचा जपून ठेवायचा.

हिच्या लहान कामकरी मुंग्यांच्या जबड्याशी जोडलेल्या ग्रंथी पार पोटापर्यंत पसरलेल्या असतात. शत्रू कीटक अंगावर आला की मुंगी पोटाचे स्नायू इतके आवळते की अंगच फाटते. आतला पिवळा, चिकट, विषारी द्रव शत्रूवर पडतो. तो मरतो किंवा जागीच अडकतो. मुंगीही मरते. संशोधकांनी त्रास दिला तरी ती फुटते. त्या द्रवाला मसाल्यासारखा वास येतो म्हणे! मोठ्या कामकरी मुंग्यांचे काम वेगळे : त्यांचे डोके बुचासारखे असते, ते घरट्याच्या तोंडात बसवून त्या वाट बंद करतात.

बातम्यांत तिला 'आत्मघातकी' म्हटले गेले. तो शब्द मला खटकला. तिला ना द्वेष, ना खुदकुशीचा इरादा.

सातवीच्या वर्गात मी हे सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, "मॅडम, मग ती शहीद झाली ना?"

मी म्हटले, अमलाची किंमत नियतवर ठरते. अल्लाहतआलाने या मुंगीला घडवलेच तसे. तिला पिल्ले होत नाहीत, ती फुटल्याने आई आणि बहिणी वाचतात. पण "मी फुटणार नाही" असे तिला म्हणता येत नाही. म्हणून ही अल्लाहची कुदरत आहे. कुर्बानी म्हणायला मन धजत नाही.

हे बोलताना मला आपली घरे आठवली. रमजानमध्ये सहेरीला सर्वांत आधी उठणारी, इफ्तारला पकोडे तळता तळता खजुराने रोजा सोडणारी, गुडघे दुखत असूनही शेवटी जेवणारी बाई. "आईच ती, कुर्बानी करणारच," असे आपण किती कौतुकाने म्हणतो! जणू तीही तशीच घडवलेली. तिची मर्जी कुणी विचारली?

मुलींना मी गृहपाठ दिला : घरात सर्वांत शेवटी कोण जेवते आणि का, ते विचारून या. दुसऱ्या दिवशी बहुतेक वह्यांत "अम्मी" लिहिलेले होते, काहींत "दादी". 'का'पुढे काहींनी "सवय" लिहिले होते. एकीने ती जागा कोरीच ठेवली होती. म्हणाली, "मॅडम, अम्मी नुसती हसली आणि म्हणाली, आज तूच विचारलंस."