नव्वद वर्षांचा नजराणा

लंडनच्या वायव्येस हॅरो येथे आम्ही ज्याला आपले घर म्हणत होतो, ते कायद्याच्या दृष्टीने 1998 साली सुरू झालेल्या 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याची उरलेली मुदत होती. भिंतींना रंग आम्ही लावीत असू, छपराच्या दुरुस्तीचा हिस्सा आम्ही भरीत असू, परंतु जमीन व इमारत यांची मालकी एका कंपनीकडे होती, आणि 2097 साली मुदत सरताच ते घरही एका पैचा मोबदला न देता तिच्या मालकीत जमा व्हावयाचे होते. 1677 सालच्या एका विवाहातून ग्रोव्हनर घराण्याकडे आलेल्या कुरणांवर जिथे आजचे मेफेअर आणि बेलग्रेव्हिया उभे आहे, तिथे याचे कोणास नवल वाटत नाही. मलाही वाटू नये. कारण 1949च्या कायद्याने ज्यांची खोती गेली अशा कोकणातील एका घरात मी वाढलो आणि आजोबांच्या पेटीतील कुळांच्या कबुलायती लहानपणीच वाचल्या. या खेपेस कूळ मी होतो, एवढाच फरक.

2016 साली पट्ट्याची 81 वर्षे शिल्लक होती. सत्तरीकडे झुकलेल्या माणसास 81 वर्षांची चिंता कशाला, असे माझ्या धाकट्या भावाने पुण्याहून विचारलेही. पण इंग्लंडातील 1993च्या कायद्याने पट्टेदारास आणखी 90 वर्षे मागून घेण्याचा आणि भुईभाडे मिरीच्या एका नाममात्र दाण्यावर आणण्याचा जो हक्क दिला आहे, त्याच्या किमतीत 80 वर्षांची सीमारेषा फार महत्त्वाची आहे. मुदत तिच्या खाली उतरली की मुदतवाढीने घराची जी किंमत वाढते, तिचा निम्मा वाटा जमीनमालकास द्यावा लागतो, आणि या वाट्याच्या हिशेबास तिकडे मॅरेज व्हॅल्यू असे मंगल नाव आहे.

आम्ही नोटीस देण्याच्या बेतात असतानाच कंपनीचे एक गोड पत्र आले. कायद्याच्या कटकटीत न पडता, अल्प नजराण्यात ती पट्टा पुन्हा 99 वर्षांचा करून देण्यास राजी होती. मात्र भुईभाडे सालाना 250 पौंड व्हावे आणि दर दहा वर्षांनी ते दुप्पट व्हावे, ही अट तिसऱ्या पानावर होती. पन्नास वर्षांनी ते 8,000 पौंड होते, आणि अशा पट्ट्यावर कर्ज देण्यास बँका नाखूष असतात, हे आमच्या सॉलिसिटरबाईंनी शांतपणे सांगितले व कायदेशीर नोटीस रवाना केली. ती बजावल्याच्या तारखेसच मूल्यांकन गोठते, त्यामुळे पुढे कितीही विलंब झाला तरी 80ची रेषा आम्हास बाधणार नव्हती.

त्यानंतर दोन्ही बाजूंच्या सर्वेअरांत जो पत्रव्यवहार झाला, तसा निर्विकार हिशेब मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. घराची किंमत 3,00,000 पौंड धरावी. ते मालकास 81 वर्षांनी मिळणार. 2006च्या स्पोर्टेली प्रकरणापासून रूढ झालेल्या 5 टक्के दराने त्या आशेचे आजचे मोल सुमारे 5,765 पौंड. मुदत वाढल्यावर तेच घर 171 वर्षांनी मिळणार, आणि त्या आशेचे मोल उरते 71 पौंड. या दोहोंतील अंतर आणि बुडालेल्या भुईभाड्याची भरपाई मिळून नजराणा ठरतो. माझे नातू, पणतू आणि त्यांचेही वंशज ज्या काळात नांदतील तो सारा काळ 71 पौंडांत मावतो, हे वाचून मला विषाद वाटण्याऐवजी हसूच आले.

मालकाच्या प्रतिनोटिशीत मागणी आमच्या देकाराच्या दुपटीहून अधिक होती. घासाघीस लवादाच्या दारापर्यंत गेली आणि, बहुधा जाते तशी, दारातूनच परतली. मला खरा सल राहिला तो निराळ्या कलमाचा: मालकाच्या वकिलाची व सर्वेअरची वाजवी फीदेखील पट्टेदारानेच भरावी, असे हा कायदा सांगतो. कुळाच्या खर्चाने कुळाविरुद्ध हिशेब मांडण्याची ही तऱ्हा आमच्या खोतांनाही सुचली नसावी, निदान पेटीतल्या कागदांत तरी तिचा मागमूस नाही. अखेर नवा पट्टा जमीननोंदणीच्या दप्तरी चढला आणि त्यावर 2187 हे साल पडले.

वरच्या मजल्यावरील गुजराती शेजाऱ्यांनी तेव्हा आमच्याबरोबर येण्याचे नाकारले होते. आता त्यांचा पट्टा 80च्या बराच खाली आला आहे, आणि 24 मे 2024 रोजी राजसंमती मिळालेल्या नव्या कायद्यात मॅरेज व्हॅल्यू रद्द करून 990 वर्षांची वाढ देणारी जी कलमे आहेत, ती अंमलात येण्याची ते वाट पाहत आहेत. आज मुदत वाढवल्यास काय पडेल आणि ती कलमे लागू झाल्यावर काय पडेल, असे दोन आकडे त्यांनी एका कागदावर मांडले असून दर वर्षी ते खोडून नवे लिहितात. गेल्या दिवाळीत तो कागद त्यांनी मला तपासावयास दिला. बेरीज बरोबर होती.