फुकट फोनचं बिल

२५ ऑगस्ट २०१० रोजी गुगलने अमेरिकेतल्या जीमेलमध्ये फोनचं बटण आणलं. ईमेल वाचता वाचता अमेरिकेतला किंवा कॅनडातला कुठलाही नंबर फिरवा, पैसे शून्य. पलीकडच्याकडे इंटरनेट असण्याची गरज नव्हती. जुना लँडलाइन असला तरी घंटी वाजायची. पहिल्या चोवीस तासांत दहा लाखांहून जास्त कॉल लागले. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींनी त्याच बटणावरून पुण्या-साताऱ्याचा नंबर लावला, की मात्र मीटर पडायचं. मशीन तेच, इंटरनेट तेच. मग एक कॉल फुकट आणि दुसरा विकतचा का? इंटरकनेक्टच्या, म्हणजे फोन कंपन्यांच्या आपसातल्या देण्याघेण्याच्या, हिशेबात माझी सगळी नोकरी याच प्रश्नावर गेली.

आवाज वाहून नेणं तसं स्वस्तच. आवाजाचे आकडे करणारा टेलिफोनचा नेहमीचा कोडेक सेकंदाला ८,००० नमुने घेतो. वीस मिलिसेकंदांचा आवाज म्हणजे १६० बाइट; त्यावर पत्त्याबित्त्याचे ४० बाइट चढतात आणि अशी पन्नास पॅकेट दर सेकंदाला सुटतात. हिशेब होतो ८० किलोबिटचा, ब्रॉडबँडला अगदीच किरकोळ. खरी कसरत ती वेळेवर पोचवण्याची. एका दिशेचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या फार पुढे गेला, की दोघं एकदम बोलतात आणि मग दोघंही गप्प बसतात. या कामातली मुरलेली कंपनी, ग्लोबल आयपी सोल्युशन्स, गुगलने २०१० मध्येच विकत घेतली.

पैसा लागतो तो शेवटच्या टप्प्यात. महामार्ग मोकळा, पण गावाच्या वेशीवर जकात, असा प्रकार. इंटरनेटवरून आलेला कॉल गेटवेतून टेलिफोनच्या जाळ्यात उतरला, की ज्याच्या ग्राहकाचा फोन वाजला ती कंपनी टर्मिनेशन चार्ज लावते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हा दर मिनिटाला एका सेंटहूनही कमी होता, म्हणून गुगलने तो खिशातून भरला. सवलत आधी वर्षअखेरपर्यंतच होती. नंतर वर्षावर्षाने वाढत गेली.

‘बहुतेक ठिकाणी’ म्हणालो, कारण आयोवासारख्या राज्यांतल्या काही ग्रामीण फोन कंपन्यांचा दर भरमसाट होता. त्यांनी कॉन्फरन्स लाइन आणि ‘प्रौढांसाठीच्या’ गप्पांचे नंबर आपल्याकडे आणून बसवले. कॉल जितके जास्त, तितकी जकात जास्त, आणि कमाईत दोघांचा वाटा! गुगलच्या आधीपासूनच्या फोनसेवेने, गुगल व्हॉइसने, असे नंबर लावणंच बंद केलं. तेव्हा २००९ मध्ये एटीअँडटी या फोन कंपनीने सरकारी नियामकाकडे तक्रार नेली: आम्हाला हे नंबर लावणं सक्तीचं, मग यांना मोकळीक का? मला गुगलचं म्हणणं हिशेबापुरतं पटतं, पण कुठला नंबर लागेल हे फोनवाल्याने ठरवणं पटत नाही.

आपल्याकडे १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, तीही अर्धीच. इथल्या कॉम्प्युटरवरून परदेशातला फोन लावता येई. पण इंटरनेटवरून आलेला कॉल इथल्या साध्या फोनवर उतरवायला इंटरनेट कंपन्यांना मनाई होती. परदेशातून येणाऱ्या कॉलची जकात २०१५ मध्ये मिनिटाला ५३ पैसे झाली, फेब्रुवारी २०१८ मध्ये ३०. देशातल्या कॉलची तेव्हा ६ पैसे. या फरकावर सिम बॉक्सवाले जगतात. इंटरनेटवरून आणलेला कॉल पेटीतल्या स्थानिक सिममधून बाहेर काढायचा, की झाला तो देशी. फोन मुलाचा, अमेरिकेहून आलेला. स्क्रीनवर मात्र कुठला तरी अनोळखी भारतीय नंबर.

सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, चाळताना असं सिम लपत नाही. दिवसभरात शेकडो आउटगोइंग, इनकमिंग जवळपास नाही, दरवेळी वेगळाच नंबर, आणि टॉवर कधीच बदलत नाही. माणूस असता तर निदान भाजी आणायला तरी गेला असता.

व्हॉट्सॲपचा कॉल या वेशीतून जातच नाही. दोन्ही टोकांना इंटरनेट, त्यामुळे जकात मागणाराच कुणी नसतो. देशातल्या कॉलवरची जकात १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाली. परदेशातून साध्या फोनवर येणाऱ्या कॉलवर मात्र ती आहेच, आणि सिम बॉक्सवर छापेही पडतातच.