विम्याच्या अर्जातील एक रकाना

लेकरे परदेशी स्थिरावली की आईबापांच्या म्हातारपणालाही पंख फुटतात. वसईच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. तिथल्या घरांतून आखाती देश, इस्राएल, इटली ही नावे केव्हाच रुळली आहेत. आमचा भंडारा जिल्हा मात्र वैनगंगेच्या काठचा, तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा. इथला तरुण फार तर नागपूरला शिकायला जाई. आता नर्सिंग शिकलेल्या आमच्या मुली जर्मन भाषेचे वर्ग करून थेट जर्मनीतील रुग्णालयांत रुजू होतात. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हापासून तर ही वाट अधिकच ओळखीची झाली आहे. लेक गेली, तिचा संसार झाला, आणि मग एके दिवशी फोन येतो, "आई, बाळंतपणाला तू पाहिजेस."

पूर्वी भाविक आमच्याकडे बाप्तिस्म्याचे दाखले मागायला येत. आता प्रवासी विम्याचे कागद घेऊन येतात आणि म्हणतात, "फादर, यात काय लिवलं आहे ते सांगा." सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, धर्मशास्त्र शिकलो, थोडीबहुत लॅटिनही घोकली, परंतु विमापत्रातील इंग्रजी या तिन्हींहून दुर्बोध आहे असे आमचे प्रामाणिक मत आहे.

गेल्या काही वर्षांत असे बरेच कागद आम्ही वाचले. २०२५ च्या ज्युबिली वर्षात रोमला जाऊन पवित्र द्वारातून प्रवेश करण्याची ओढ लागलेल्यांचे कागद त्यांत होते, आणि नातवंडांसाठी निघालेल्यांचेही. त्यांतील एका जोडप्याची हकिगत इथे मांडतो, कारण ती थोड्याफार फरकाने पुष्कळ घरांची आहे.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय ७१. मधुमेह वीस वर्षांचा, आणि चार वर्षांपूर्वी नागपूरला हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेला. बाईंना रक्तदाबाचा त्रास. निवृत्तिवेतन हीच मिळकत. लेकीने विमानाची तिकिटे पाठवली होती. विमा उतरवण्यासाठी कुणी एक एजंट घरी आला. त्याने अर्ज भरताना 'सध्या किंवा पूर्वी कोणता आजार आहे काय' या रकान्यापाशी लेखणी थांबवली आणि सांगितले, "इथे 'नाही' लिहा. आजार लिहिला तर हप्ता वाढते, नाही तर अर्जच परत येते. व्हीसाला काय, कागद पाहिजे."

बाई तो अर्ज घेऊन रविवारच्या मिस्सेनंतर आमच्याकडे आल्या. गुरुजी बाहेर चिंचेखाली उभे होते. आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवलेल्या माणसाला आत येण्याचा संकोच वाटला असावा. बाई म्हणाल्या, "फादर, हे पाप होते का?"

प्रश्न पापाचा होताच. परंतु आम्हाला वाटले, आधी व्यवहार पाहावा. कारण या बाबतीत खोटे बोलण्यात व्यवहारही नव्हता.

युरोपातील शेंगेन देशांचा अल्पमुदतीचा व्हीसा हवा असेल तर प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. २००९ च्या तेथील व्हीसा संहितेप्रमाणे तो किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो, सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांना लागू असावा लागतो, आणि तातडीचे उपचार, रुग्णालयातील आकस्मिक भरती, आजारपणामुळे मायदेशी परत आणणे व मृत्यू यांचा खर्च त्यात यावा लागतो. इतके सारे त्या नियमात आहे. माणसाच्या अंगात पूर्वीपासून असलेल्या आजाराविषयी मात्र त्यात वेगळा शब्द नाही. म्हणजे असे होते, की ज्या कागदाने व्हीसा अधिकाऱ्याचे समाधान होते, त्याच कागदात पुढे बारीक टायपात लिहिलेले असते की जुन्या आजारातून उद्भवलेल्या कोणत्याही उपचाराचा खर्च मिळणार नाही. गुरुजींना परदेशात काही झालेच तर ते कशातून होणार होते? हृदयातून किंवा साखरेतून. म्हणजे ज्याची भीती, तेवढेच सोडून बाकी सगळ्याचा विमा.

आता 'नाही' असे लिहिल्याने हे कलम टळते काय? मुळीच नाही. विमा हा परम विश्वासाचा करार मानला जातो. अर्जदाराने महत्त्वाची गोष्ट लपवली असे ठरले तर कंपनीला दावा नाकारता येतो. आणि लपवणार तरी कसे? परदेशी रुग्णालयात पहिला प्रश्न हाच, की कोणती औषधे चालू आहेत. ती गोळ्यांची पिशवी बाईंच्याच हातात असणार. छातीतील स्टेंट तर तपासणीत पडद्यावर स्वच्छ दिसतो. त्याला 'नाही' म्हणायला शिकवता येत नाही. रुग्णालयाच्या त्याच नोंदी पुढे विमा कंपनीकडे जातात. मग युरोपातील अतिदक्षता विभागाचे बिल कोणाच्या नावावर? नुकत्याच बाळंत झालेल्या लेकीच्या. हे सांगितले तेव्हा बाईंनी तो अर्ज चार घड्या करून पिशवीत टाकला.

दयाळू शोमरोनी माणसाचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो. जखमी वाटसरूला उतारशाळेत पोहोचवून तो दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे उतारशाळेच्या मालकाला देतो, आणि वर जो खर्च होईल तो परत येताना फेडण्याचे वचन देतो. या वचनाला वरची मर्यादा नाही, आणि वाटसरूला आधी काही आजार होता का, हेही तो विचारीत नाही. आमच्या पाहण्यात तरी अशी पॉलिसी अजून कोणी काढलेली नाही. विमा कंपनी शोमरोनी नव्हे आणि तिने तसे असावे असा आमचा हट्टही नाही. तिने काय देऊ केले आहे ते ठळक अक्षरांत सांगावे, एवढीच अपेक्षा.

पुढच्या आठवड्यात आम्ही आणि गुरुजी तीन कंपन्यांची विमापत्रे पुढे घेऊन बसलो. जर्मनीतून लेक फोनवर होती. एका पॉलिसीत जुना आजार पूर्णपणे वगळलेला. दुसरीत तो स्वीकारलेला दिसत होता, पण साठीच्या पुढच्या माणसासाठी खोलीचे भाडे, शस्त्रक्रिया, डॉक्टरांची फी अशा प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा घातलेली. वरची मोठी रक्कम निव्वळ शोभेची. तिसरीत जुन्या आजारामुळे जिवावर बेतले तर प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च एका ठरावीक रकमेपर्यंत देण्याचे स्पष्ट कलम होते, आणि अर्जात आजार, औषधे, स्टेंटची तारीख हे सारे लिहून मागितले होते. तिचा हप्ता पहिलीच्या जवळजवळ दुप्पट. जर्मनीतच पाहुण्यांसाठी मिळणारा विमा घ्यावा काय, हेही लेकीने पाहिले. तिला मिळालेल्या योजनेतही जुन्या आजाराचे उपचार वगळलेलेच होते.

हप्ता वय आणि दिवस या दोहोंवर ठरतो. वय कमी करणे आपल्या हाती नाही, दिवस आहेत. एजंटाने १८० दिवसांचा विमा सुचवला होता, आणि शेंगेन व्हीसावर तर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहताच येत नाही! गुरुजींनी मुक्काम ६० दिवसांवर आणला. बिलातील पहिला ठरावीक भाग आपण सोसायचा, ही अट त्यांनी मान्य केली. अशा रीतीने तो दुप्पट हप्ता त्यांच्या आवाक्यात आला. रकान्यात त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात मधुमेह, स्टेंट, गोळ्यांची मूळ नावे, सारे लिहिले. कंपनीने हृदयतज्ज्ञाचे पत्र मागितले, ते नागपूरहून आणले. अर्ज मंजूर झाला.

निघताना आम्ही बाईंना दोनच गोष्टी बजावल्या. गोळ्या पूर्ण दिवसांच्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवायच्या. आणि काही झालेच तर विमापत्रावरील चोवीस तासांच्या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर फोन करायचा. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी. असा विमा बहुधा इथून निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो, हे आमच्या काही धर्मग्रामस्थांना विमानतळावर कळले, म्हणून इथे नोंदवतो.

विमा नियामकाने २०२४ पासून आरोग्य विमा घेण्यासाठीची पासष्टीची अट काढली, जुन्या आजारासाठी थांबण्याचा काळही जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, हे पुष्कळांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. "मग आता अडचण काय?" असे ते विचारतात. अडचण ही, की तीन वर्षे थांबल्यावर मिळणारे संरक्षण ६० दिवसांच्या प्रवाशाला काय कामाचे? तसेच आयुष्मान कार्डाचे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, मिळकत कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले आणि जुना आजार त्यात पहिल्या दिवसापासून येतो. फार मोठी गोष्ट आहे. आमच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्यांपैकी ज्यांना केंद्र सरकारची आरोग्य योजना आहे, त्यांनी दोहोंपैकी एक निवडायची, इतकेच. पण हे कार्ड भारताच्या सीमेपर्यंत.

म्हणूनच वेलंकनीला जाणाऱ्या वृद्धांना आम्ही सांगतो, की रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना जो पन्नास पैशांहूनही स्वस्त विमा मिळतो तो जरूर घ्या, पण तो रेल्वे अपघाताचा आहे, हृदयविकाराचा नव्हे; तुमचा खरा प्रवासी विमा म्हणजे ते आयुष्मान कार्ड. ते तामिळनाडूतील योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातही चालते. नागपट्टिणम परिसरात अशी रुग्णालये कोणती, त्यांची नावे घरूनच लिहून न्या.

गुरुजी आणि बाई जाऊन आले. विम्याचा उपयोग करावा लागला नाही. "पैसे वाया गेले," असे त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला, तेव्हा गुरुजी नुसते हसले.

पण सगळ्यांचे असे जमत नाही. आमच्याच धर्मग्रामातील एका आजींचे आठवड्यातून दोनदा डायालिसिस चालते. मुलगा आयर्लंडमध्ये. आयर्लंड शेंगेन देशांत नाही. पण नियम असो वा नसो, विम्याशिवाय आईला नेण्याची जोखीम घेणे मुलाला शक्य नव्हते. चार ठिकाणी अर्ज केले, चारही ठिकाणी खरे लिहिले, चारही परत आले. दुसऱ्या अर्जाच्या वेळी शेजारच्या कुणीतरी लपवण्याचा सल्ला दिला, तेव्हा आजी म्हणाल्या, "माह्या हातावरची ही शिवण कुठं लपवू?" डायालिसिससाठी मनगटापाशी केलेल्या शस्त्रक्रियेची ती खूण होती. खरे लिहिणाऱ्याला दार बंद आणि खोटे लिहिणाऱ्याला कागद हातात, ही रीत आम्हाला बोचते. विमा कंपन्यांनी वाढीव हप्ता घेऊन का होईना, अशा माणसांसाठी काही मार्ग काढावा असे वाटते. यात्रा नेणाऱ्या आपल्या संस्थांनीही प्रवास कंपनीशी बोलणी करताना तिकीट आणि हॉटेल यांच्याबरोबरच जुन्या आजाराचे कलम लेखी मागावे. पन्नास यात्रेकरूंचा एकत्र विमा मागणाऱ्याचे ऐकून घेतले जाण्याचा संभव अधिक.

आजींचा मुलगा नाताळात इकडे येणार आहे, बायको आणि सात महिन्यांच्या मुलीसह. भंडारा रोड स्थानकावर गाडी पहाटे येते. त्या दिवशी मंगळवार आहे, म्हणजे आजींचा डायालिसिसचा दिवस. म्हणून त्यांनी तो सोमवारी करून घेता येईल का, हे विचारायला आम्हाला रुग्णालयात पाठवले आहे.